नोव्हेंबरचा बर्फ दिसतो तसा नसतो

काल दादा-वहिनी आणि मित्रांसोबत अमेरिकेतल्या युटामध्ये, आल्टाजवळ स्की टूरिंगला गेलो होतो. लिफ्ट नाही; स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून चढायचं आणि ताज्या भुसभुशीत बर्फातून खाली यायचं.

वहिनीने विचारलं, "समोरचा तो उभा उतार का सोडला?"

कारण तो उत्तरेकडचा होता. ऑक्टोबरमध्ये पडलेला पातळ थर तिथे सावलीत टिकतो. खालची जमीन उबदार, वरची हवा गोठलेली. त्यामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, सुटे होतात. मी खणून तिला मूठभर दाखवले. दाबले तरी गोळा होईना, बोटांतून साखरेसारखे निसटत होते.

त्यावर नवा जड थर बसला की हिमस्खलनाची पूर्ण तयारी! बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे स्कीइंगला सर्वांत मजा येते तिथेच. पायाखाली 'धप्प' असा आवाज आला, तर तिथून लगेच मागे फिरा.

आम्ही 30 अंशांच्या आतच राहिलो आणि धमाल केली. दगड मात्र अजून बर्फाखाली लपलेले आहेत, वेग आवरा.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढला, तर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. निघण्यापूर्वी युटा अॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचाच.