संभाजी बागेचं फाटक आणि मी न काढलेला नकाशा

मागच्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, "तुझा पीएचडीचा विषय पुण्यातले समलिंगी पुरुष ना? मग तू सारखं बागांबद्दल काय वाचत असतोस?" प्रश्न रास्त होता. चहा संपला तरी माझं उत्तर संपेना, म्हणून इथे लिहितोय.

तुमच्या ओळखीच्या जागेपासून सुरुवात करू. जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिराच्या शेजारी छत्रपती संभाजी उद्यान आहे. आपली संभाजी बाग. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात पहिली प्राइड पदयात्रा निघाली. पुढाकार होता समपथिक ट्रस्टचा. ही संस्था बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केली होती. पुढच्या वर्षांत 'संभाजी बागेपाशी भेटू' म्हटलं की पदयात्रेला येणाऱ्यांना पत्ता विचारावा लागत नसे. तिथे कसली पाटी नाही, स्मारक नाही. तरीही कित्येकांसाठी ते फाटक म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा भर उन्हात, आपल्यासारख्या माणसांसोबत उभं राहिल्याची जागा आहे.

स्मारक असायला हवं का? न्यूयॉर्कमध्ये आहे. जून १९६९ मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध जिथे उठाव झाला, त्या स्टोनवॉल बारच्या समोर ख्रिस्तोफर पार्क नावाची छोटीशी बाग आहे. तिथे जॉर्ज सीगल या शिल्पकाराचे चार पांढरे पुतळे आहेत: दोन पुरुष उभे, दोन स्त्रिया बाकावर बसलेल्या. शिल्प १९८० मध्ये तयार झालं, पण विरोध आणि वादांमुळे बागेत बसायला १९९२ साल उजाडलं. आणि पुतळा बसला म्हणजे टिकतोच असं नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. याच संभाजी बागेतला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये रात्रीतून उखडून मुठेत टाकला गेला.

आता मूळ प्रश्न. बागच का?

इतिहासकार जॉर्ज चॉन्सी यांनी १९९४ च्या 'गे न्यूयॉर्क' या पुस्तकात एक उलटा वाटणारा मुद्दा मांडलाय. दाटीवाटीने राहणाऱ्या कामगार पुरुषांना घरात एकांत मिळतच नव्हता. तो मिळाला तर बागेत, रस्त्यावर, म्हणजे चारचौघांच्या जागेत. हा मुद्दा पुण्यात आणून बघा. दोन खोल्यांत पाच माणसं. हॉस्टेलवर एका खोलीत तिघं. भाड्याने घर घ्यायला गेलं की "लग्न झालंय का?" हा पहिला प्रश्न. अशा मुलाने दुसऱ्या मुलाशी मोकळेपणी बोलायचं कुठे? संध्याकाळी बागेतल्या बाकावर दोन पुरुष शेजारी बसले तर कोणी वळूनही बघत नाही. हीच सोय. नजर, थोडं बोलणं, ओळख, कधी त्यापुढचं काही. इंग्रजीत याला क्रूझिंग म्हणतात. त्यात शरीरसंबंध येतातच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण अनेकदा तिथे फक्त 'मी एकटा नाही' एवढंच कळतं, आणि त्या वयात तेही खूप असतं.

या सोयीला भीती चिकटलेली होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ३७७ होतंच. शिवाय महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ११० आहे, सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं. त्याची शिक्षा किरकोळ असते. पण खरी धमकी दंडाची नसते, "घरी फोन लावू का?" ही असते. खंडणी याच वाक्यावर चालते, मग समोर खरा पोलीस असो की तोतया.

कलम ३७७ चा प्रवास तुम्हाला माहीत असेल. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या, खासगीतल्या संबंधांना त्यातून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मोकळीक दिली. पण 'खासगीत' या शब्दाकडे नीट बघा. ज्याच्याकडे खोली आहे, त्याला या शब्दाचा उपयोग. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा जागेला नव्हे तर माणसाला जोडलेला असतो, असं म्हटलं गेलं. बाकावर नुसतं शेजारी बसलेल्या दोघांपर्यंत ते अजून पोचायचंय.

इथे माझ्या कामातली अडचण येते. "नकाशा कुठाय?" असं मला प्रत्येक सादरीकरणात विचारतात. भेटीगाठींच्या जागांवर संशोधन, म्हणजे जागांची यादी हवीच ना? अशा याद्या याआधीही झाल्यात. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमांत अशा जागांना 'हॉटस्पॉट' म्हणतात. कार्यकर्ते तिथे जाऊन कंडोम देतात, तपासणीला यायला सांगतात. त्या याद्यांचा उपयोग झाला. पण तीच यादी चुकीच्या हातात पडली तर धाडीचं वेळापत्रक होते. म्हणून माझ्या प्रबंधात संभाजी बागेचं नाव आहे, कारण तिथे लोक उघडपणे, परवानगी घेऊन, झेंडे घेऊन जमले. संध्याकाळच्या जागांची नावं मात्र नाहीत आणि नसतील. परीक्षकांना ही त्रुटी वाटली तर वाटो.

एवढंच म्हणायचंय की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. २०१७ च्या पदयात्रेच्या वेळी 'नीट कपडे घालून या' या आयोजकांच्या सूचनेवरून वाद झाला होता. समाजाने स्वीकारावं म्हणून सभ्य दिसायचं, ही भूमिका मला कळते. पण दिवसा फाटकापाशी जमायला लागणारी माणसं एकमेकांना आधी कुठे सापडली? अनेकजण अशाच कुठल्या तरी बाकावर. आज ॲप आहेत हे खरं. पण ॲपला स्वतःचा फोन लागतो, तो घरचे उघडून बघणार नाहीत याची खात्री लागते. आणि ॲपवरून बोलावून लुबाडणारेही आहेतच.

त्यामुळे बागेत कॅमेरे बसतात, झुडपं छाटली जातात, फाटकं लवकर बंद होतात, तेव्हा 'बाग सुधारली' म्हणण्याआधी एकदा विचार करा. उजेड हवाच, बायकांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांनाच हवा. फक्त त्या उजेडात दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एका बाकावर तासभर बसू देणार आहोत का, हेही ठरवायला हवं. नाहीतर ज्यांच्याकडे खोली नाही, त्यांच्याकडे बाकही उरणार नाही.