तोंड झाकले, तरी बोलणे थांबत नाही

कोरोनाची साथ ओसरून आता काही वर्षे झाली. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील मास्कची सक्ती उठली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मास्क खुंटीवरून उतरले आणि आपण सारे विसरून गेलो. मात्र दोन वर्षे अर्धा चेहरा झाकून आपण एकमेकांशी बोललो कसे, याचा विचार फारसा झाला नाही. वाडीवाडीवर जाऊन शेतकऱ्यांशी बोलणे हेच ज्यांचे काम, त्या आम्हा कृषी विस्ताराच्या माणसांना तो तेव्हाच करावा लागला.

आपला आणि परका

मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. पुढे मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी परतू लागले आणि गावच्या शाळा विलगीकरणाच्या खोल्या झाल्या. त्या वेळी मालवणच्या खेड्यांत मास्क ही आजाराची खूण कमी आणि परकेपणाची खूण जास्त होती. खळ्यात आलेला माणूस तोंडावरचे फडके काढीना, की म्हातारी माणसे विचारीत, "ह्यो खंयचो?" घरचाच पुतण्या असला तरी तोंड झाकून बोलतो म्हणजे आपल्याला दूर लोटतो, असे त्यांना वाटे.

दोन-चार महिन्यांत अर्थ उलटा झाला. २०२० च्या गणपतीला, म्हणजे २२ ऑगस्टच्या चतुर्थीला, मुंबईकरांना आधी येऊन दहा दिवस वेगळे राहावे लागले. तोवर उघड्या तोंडाचा माणूस दिसला की लोक दोन पावले मागे सरू लागले होते. मास्क हनुवटीवर असेल तर 'नियम पाळतो, पण भीत नाही', एका कानाला लटकत असेल तर 'पोलीस दिसले तर लावीन', असे न बोलता कळत असे. आणि समोरून वडीलधारे माणूस येताना पाहून कोणी मास्क वर ओढला, तर तो मान दिल्यासारखा वाटे. दारात चपला काढाव्यात, तशी ती नवी रीत झाली.

कापड काय सांगत होते

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने घरी शिवलेला कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. राज्यभर 'उमेद'च्या बचतगटांतील महिलांनी शिलाई यंत्रे चालू केली. जुन्या सुती साड्या, पंचे, उरलेली ब्लाउजपिसे, सगळे कामाला आले. नियम सर्वांना एकच होता, पण प्रत्येकाने त्यातून आपली ओळख काढली. साडीला जुळणारा मास्क निघाला, लग्नात पैठणीचा निघाला. पिंपरी-चिंचवडच्या एका गृहस्थांनी जुलै २०२० मध्ये सुमारे २ लाख ८९ हजार रुपयांचा सोन्याचा मास्क करवून घेतला. बिहारमध्ये मधुबनी चित्रांचे मास्क झाले आणि तिथल्या निवडणुकीत पक्षांच्या चिन्हांचेही. माणसाचे तोंड झाकले तरी 'मी कोण' हे सांगायची त्याची हौस झाकत नाही, हेच यातून दिसले.

डोळे हसतात, कान चुकतात

फ्रान्सच्या द्युशेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ मध्ये लिहून ठेवले आहे की, खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात. मासळीबाजारात त्याचा रोजच प्रत्यय येई. गिऱ्हाईक भाव पाडून मागे, तेव्हा मासे विकणारी बाई खरोखर रागावली आहे की थट्टेत आहे, हे डोळ्यांच्या कडांवरूनच ओळखायचे. "आधी तोंड दाखय, मगे भाव कर," असा टोलाही ऐकायला मिळे.

ऐकण्याचे मात्र अवघड झाले. आपण कानांनी ऐकतो तसे ओठ पाहूनही ऐकतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रयोगाने दाखवले. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांचा हा आधारच तुटला. "माका काय आयकाक येणा नाय," असे म्हणून अनेक जण सभेत मागे बसून राहत. शेतीच्या कामात ही गोष्ट साधी नाही. औषधाचे प्रमाण सांगताना मास्कमधून 'पंधरा मिली' आणि 'पन्नास मिली' यांत गफलत होण्याचा धोका मोठा.

संकासुराचा धडा

तोंड झाकून बोलण्याची विद्या आपल्याला अगदीच नवी नाही. दशावतारातला संकासूर आठवा. काळ्या कापडात तोंड झाकलेले, चेहऱ्यावरचा एकही भाव दिसत नाही, तरी तो मालवणीत बोलून सारी जत्रा हसवतो. कशाने? मान, हात, चाल, आवाजाची चढ-उतार आणि नेमक्या वेळी थांबणे, एवढ्या भांडवलावर. आंब्याच्या फवारणीतही पंपाच्या आवाजात शब्द पोचत नाही. झाडावरचा गडी हात हलवतो आणि खालचा पंप बंद करतो.

मात्र झाकलेली भाषा दोघांनाही समजली पाहिजे. वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटे धरून आंब्याचा भाव ठरवण्याची जुनी चाल होती. व्यापारी आणि दलालाला ती कळे, पण माल ज्याचा त्या बागायतदाराला कळत नसे, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली. खूण कळत नसली की विश्वास बसत नाही.

तोंड झाकलेला पंचनामा

याची खरी परीक्षा झाली ती तौक्ते वादळानंतर. १६ व १७ मे २०२१ रोजी वादळ किनाऱ्याजवळून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले भागात आंबा, काजू, नारळाची झाडे मुळासकट पडली. साथीची दुसरी लाट चालूच होती. पंचनाम्याला आलेला माणूस मास्क लावून, हातात कागद घेऊन बागेत उभा राही. पन्नास वर्षांचे कलम आडवे झालेला शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाही. काही मिळेल की नाही, याला दुःख कळले की नाही, हे त्याला चेहऱ्यावर वाचायचे असे आणि चेहराच झाकलेला.

अशा वेळी ज्यांनी घाई केली नाही, कागद बाजूला ठेवून पडलेल्या बुंध्यावर हात ठेवला, बागेला पूर्ण फेरी मारली, त्यांच्याशी शेतकरी मोकळेपणी बोलले. मदतीचा आकडा त्यामुळे वाढत नव्हता. पण आपली बाग कोणीतरी नीट पाहिली, एवढे तरी समाधान राहत होते.

पुढे उपयोगी पडेल असे

शेतकरी बंधू-भगिनींनो, मास्कची सक्ती गेली, तरी मोहोराच्या फवारणीत तोंड झाकणे सुटलेले नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) फवारणीला कोरोनाच्या वेळचा कापडी मास्क चालत नाही. तो कीटकनाशकाची वाफ अडवत नाही. औषधाच्या डब्यावरील सूचनेप्रमाणे योग्य मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी गेले, हे विसरू नये.

२) फवारणी सुरू करण्यापूर्वी 'थांब', 'पंप बंद कर', 'मला त्रास होतोय' या तीन खुणा गड्यांबरोबर ठरवून घ्याव्यात आणि एकदा करून पाहाव्यात. त्रासाची खूण दिसताच काम थांबवून त्या माणसाला खाली उतरवावे.

३) औषधाचे प्रमाण तोंडी सांगून भागवू नये. कागदावर आकड्यांत लिहावे आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावे.

४) घरात कमी ऐकू येणारे माणूस असेल तर त्याच्यासमोर, उजेडात उभे राहून, सावकाश बोलावे. मास्क नसतानाही ही सवय चांगली.

पुन्हा साथ येईल तेव्हा मास्क लावावाच लागेल, आणि तो लाजेने किंवा रागाने लावण्याचे कारण नाही. मात्र तोंड झाकले, की डोळ्यांनी, हातांनी आणि थोडा जास्त वेळ देऊन बोलावे लागते, एवढे तेव्हा लक्षात ठेवावे.