धक्क्यालगतचा दिवस

गोव्याहून किंवा लक्षद्वीपहून परतणारी क्रूझ मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सहसा सकाळी लागते. नाश्ता उरकून, बॅगा ताब्यात घेऊन कुटुंब धक्क्याबाहेर पडते तेव्हा फार तर दहा-अकरा वाजलेले असतात, आणि नागपूरची किंवा कोल्हापूरची गाडी असते संध्याकाळनंतर. मधला हा दिवस कुणीच आखलेला नसतो. सहलीचे वेळापत्रक जहाजाबरोबर संपलेले असते आणि घरचे अजून सुरू व्हायचे असते. मग बहुतेक कुटुंबे तीनपैकी एक करतात. दिवसापुरती हॉटेलची खोली घेऊन झोपतात, टॅक्सी करून जुहू नाहीतर एखादा मॉल गाठतात, किंवा स्टेशनच्या प्रतीक्षालयात बॅगांची राखण करत बसतात. माझे म्हणणे असे की हा दिवस बंदराच्याच आसपास, दोन-अडीच किलोमीटरच्या टापूत आणि शक्य तेवढा पायी घालवावा. सोय हे त्याचे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की हा टापू समुद्रामुळे आणि समुद्रासाठी घडला आहे, आणि नुकताच समुद्रावरून आलेला माणूस तो जसा वाचू शकतो तसा एरवी कुणी वाचू शकत नाही.

मुंबईच्या या धक्क्याचा इतिहास प्रवाशाला इथून लवकरात लवकर पुढे पाठवण्याचा आहे. विलायतेहून टपाल आणि साहेबलोक घेऊन येणाऱ्या बोटी बॅलार्ड पिअरला लागत, आणि धक्क्याला लागूनच 'बॅलार्ड पिअर मोल' हे रेल्वे स्थानक होते. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली फ्रंटिअर मेल हिवाळ्याच्या हंगामात इथूनच सुटे. बोटीतून उतरलेला गोरा अधिकारी शहरात पाऊल न ठेवता थेट पेशावरच्या वाटेला लागे. स्थानक केव्हाच बंद झाले, पण रीत राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने बांधले आहे, आणि कोणत्याही टर्मिनलसारखे त्याचेही यश प्रवासी किती झटपट बाहेर पडतो यावरच मोजले जाणार. त्यात गैर काही नाही. मात्र शंभर वर्षे ज्या जागेवरून लोक फक्त घाईने गेले, ती जागा नीट पाहण्याची संधी फक्त त्यालाच मिळते ज्याच्याकडे घाईचे कारण नाही. मोकळा दिवस असलेले कुटुंब नेमके तसे असते.

टर्मिनलच्या दारातून बाहेर आल्यावर समोर दिसणारा बॅलार्ड इस्टेट हा भाग घ्या. त्याखालची सुमारे २२ एकर जमीन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र होती. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणायला घेतली. ती १९१४ मध्ये सुरू झाली. खणून निघालेली माती-दगड टाकून शेजारचा किनारा भरला गेला आणि त्यावर १९१४ ते १९१८ या काळात हे कचेऱ्यांचे वसाहतवजा नगर उभे राहिले. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली इमारतींची उंची आणि दर्शनी भाग एका शिस्तीत ठेवले गेले, म्हणून मुंबईत इतरत्र क्वचित दिसणारी एकसंधता इथे आहे. म्हणजे ज्या खड्ड्यात जहाजे उभी राहतात आणि ज्या रस्त्यावरून आपण चालतो, ती एकाच कामाची दोन टोके आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'भराव' म्हणजे काय हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे चटकन कळेल. एका बाजूला खणले आणि दुसऱ्या बाजूला भरले, आणि दोन्ही बाजू चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

गोदीची गोष्ट तर मुलांना सांगण्यासारखीच आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो. एवढ्या चढउतारात धक्क्याला बांधलेले जहाज दिवसातून दोनदा वर जाणार आणि दोनदा खाली येणार, मग माल चढवायचा-उतरवायचा कसा? म्हणून गोदीला दरवाजे असतात. भरतीचे पाणी आत अडवून पातळी स्थिर राखायची आणि जहाजांची ये-जा दोन दरवाजांमधल्या जलपाशातून करायची. इंदिरा गोदीचा हा जलपाश सुमारे २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. त्याहून रुंद जहाज आत येऊच शकत नाही. अशी जहाजे गोदीबाहेर, बंदराच्या भिंतीला लागतात. क्रूझची जागाही तिथेच आहे. गोदीचे आवार सर्वसामान्यांना खुले नाही. जहाजाच्या वरच्या डेकवरून मात्र ते स्वच्छ दिसते, आणि शेवटच्या सकाळी नाश्त्याच्या रांगेत उभे राहण्याऐवजी मुलांना घेऊन डेकवर जावे असे मी आग्रहाने म्हणेन ते यासाठीच. पुढचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासाच्या जोरावर उभा राहतो.

त्या अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट दिसते, आणि मराठी कुटुंबाला ती माहीत असायला हवी. दक्षिणेकडून मुंबईत शिरणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे लागतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही तिच्यावर तुटून पडले, कारण मुंबईच्या तोंडावरची ही जागा ज्याच्या हाती त्याची नजर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर. इंग्रजांना ती घेता आली नाही. सिद्दीने मग उंदेरी बळकावून तोफा डागल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग यांच्याबरोबर खांदेरीही आहे. गोव्याहून येणारी क्रूझ याच चार जलदुर्गांच्या किनाऱ्याने येते, फक्त पहिले तीन बहुधा रात्रीच्या अंधारात मागे पडतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बॅलार्ड इस्टेट, हॉर्निमन सर्कल, गेटवे हा सगळा साहेबाच्या सत्तेचा देखावा आहे. सुटीचा दिवस तो न्याहाळण्यात का घालवायचा? माझे उत्तर असे की दगड त्यांचा असला तरी गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही. बॅलार्ड इस्टेटमध्येच सिंदिया हाउस उभे आहे आणि त्याच्या रस्त्याला नरोत्तम मोरारजींचे नाव आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून त्यांनी घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीचा श्वास कोंडला. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करून तिला जवळजवळ किनारी वाहतुकीपुरते बांधून टाकले. तरी ती टिकली, आणि तिच्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेल्या 'जलउषा' या जहाजाचे १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. ज्या रस्त्यावर ब्रिटिश मक्तेदारीच्या कचेऱ्या होत्या त्याच वस्तीत तिला आव्हान देणारी कचेरी उभी राहिली, हे त्या फुटपाथवर उभे राहून सांगितले की साहेबाच्या इमारतीही आपल्या इतिहासाचा पुरावा ठरतात.

थोडे दक्षिणेला गेले की शहीद भगतसिंग मार्गावर आयएनएस आंग्रे हा नौदलाचा तळ लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मुंबई किल्ल्याचे अवशेष याच आवारात आहेत. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तोवर ज्या कंपनीने त्यांना चाचा म्हणून हिणवले, तिच्याच गडावर १९५१ पासून त्यांचे नाव आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केले तेव्हा याच तळाच्या जागी असलेल्या कॅसल बॅरॅक्समध्ये इंग्रजी लष्कराशी गोळीबार झाला. आत जाता येत नाही, पण बाहेरच्या रस्त्यावरून हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

बंदराची किंमत कुणी चुकवली हेही याच टापूत उमगते. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी बॅलार्ड पिअरच्या उत्तरेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. चारच्या सुमारास झालेल्या स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे गेली, आणि आग विझवायला धावलेले ६६ जवान परत आले नाहीत. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आणखी उत्तरेला भाऊचा धक्का. कोकणातली माणसे आगबोटीने मुंबईत येत ती या बाजूने. हर्णै, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांत बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून तिच्याकडे जात. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती याच धक्क्यावरून सुटली होती. गिरण्यांत, गोदीत, घरकामात राबलेली मुंबई या आगबोटींनी आणली. ज्यांचे आजी-आजोबा डेकवर सतरंजी टाकून आले, त्यांची नातवंडे आज त्याच पाण्यावरून बाल्कनीच्या खोलीतून येतात. आजी सोबत असेल तर या दिवसाचा वाटाड्या तिनेच व्हावे.

"पण मुले कंटाळतील," हा दुसरा आक्षेप. इमारतींची नावे आणि सनावळ्या ऐकवत फिरवले तर कंटाळतीलच, आणि तो दोष मुलांचा नाही. पण तीन दिवस जहाजावर करमणुकीचा मारा सोसलेल्या मुलांना आणखी एक खेळघर नको असते. त्यांच्या डोक्यात प्रश्न असतात, एवढे लोखंड तरंगते कसे, धक्क्याला लावतात कसे, आणि त्यांची उत्तरे याच परिसरात देता येतात. शिवाय फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळे संग्रहालय आहे. हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली आहे, एशियाटिक सोसायटीच्या १८३३ च्या टाउन हॉलच्या ३० पायऱ्या बसायला आहेत. बारा ते तीन उन्हाचे तास जेवण आणि संग्रहालय यांत घालवावेत. बॅलार्ड इस्टेटमधले १९२३ चे ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह मुख्यतः दुपारीच चालते, आणि आपला दिवसही तेव्हाच तिथे पोचतो. पावसाची काळजी फारशी नको. अरबी समुद्र खवळलेला असताना क्रूझचा हंगामच नसतो.

घारापुरीचे काय, असे विचारले जाईल. लेणी थोर आहेत यात वाद नाही. पण गेटवेहून तासाभराची लाँच, वर चढायच्या पायऱ्या आणि परतीचा तास मिळून अख्खा दिवस जातो, आणि सोमवारी लेणी बंद असतात. त्यात जहाजावरून उतरल्यानंतर काही तास पायाखालची जमीन डुलतेय असे वाटणे सर्वसामान्य आहे. तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा लाटांना सरावलेली असते, तिला जमिनीची सवय व्हायला वेळ लागतो. अशा दिवशी पुन्हा बोटीत बसवणे लहानांवर आणि वयस्करांवर अन्याय आहे. घारापुरीसाठी वेगळे यावे. गेटवेपर्यंत मात्र जरूर जावे. तेही विटेटचेच काम, १९२४ मध्ये पुरे झालेले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. सकाळी डेकवरून जी कमान पाहिली तिच्याखाली दुपारी उभे राहिले की मुलांच्या मनात बंदराचा नकाशा पुरा होतो.

राहता राहिले सामान, आणि खरे सांगायचे तर या बेताचे यशापयश त्यावरच ठरते. सीएसएमटी स्थानकाचे क्लोकरूम धक्क्यापासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तिथे बॅगांना कुलूप लागते आणि रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून छोटी कुलपे घरूनच न्यावीत. ज्यांना रात्रीची बस किंवा विमान आहे त्यांची इथे अडचण होते, आणि त्यांच्यासाठी हॉटेलची खोली घेणेच शहाणपणाचे, फक्त ती फोर्टात घ्यावी, अंधेरीत नव्हे. टर्मिनलवरच प्रवाशांना संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवता याव्यात, आणि बाहेर पडताना हातात बॅलार्ड इस्टेट ते गेटवेचा पायी फिरण्याचा एक पानी मराठी नकाशा पडावा, ही मागणी क्रूझ कंपन्यांकडे आणि बंदर प्राधिकरणाकडे प्रवाशांनीच करायला हवी. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन लोकांसाठी खुली करावी याची चर्चा २०१४ च्या राणी जाधव समितीपासून चालू आहे. जमीन खुली व्हायला आणखी किती वर्षे लागतील ती लागोत. बॅगांसाठी एक खोली आणि नकाशाचा एक कागद एवढे येत्या हंगामातही करता येईल.