मंडईतून लंडनच्या लग्नाला

मैत्रिणींनो, भाच्याचं लग्न लंडनला ठरलं. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, सामान मंडईतूनच आण हं!" हळकुंडं, सुपाऱ्या घेतल्या, आंब्याची पानं मात्र नाही. ताज्या पानांना तिकडे वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. कापडी तोरणावर भागवलं.

लग्न आटोपल्यावर बहिणीनं कॉव्हेंट गार्डन दाखवलं. १८३० च्या सुमाराची देखणी मंडई! पण भाजी कुठाय? भाजीबाजार १९७४ सालीच नाइन एल्म्सला हलवला. आता तिथं दुकानं नि उपाहारगृहं. माझी पिशवी रिकामीच परतली.

आपली मंडई १८८६ ची. तिथं अजून मेथीची जुडी मिळते. ती तशीच राहायला हवी ना? मग पिशवी घ्या नि अधूनमधून जा.