बाई, सेवापुस्तक पाहिलंत का?

गटात कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई असतील, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, तर हे त्यांच्यासाठी.

निवृत्ती ५८ व्या वर्षी. पण पेन्शनच्या कागदांची तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हावी, असं १९८२ च्या नियमांतच आहे. कागद मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीत जातात. अडतात बहुधा नावापाशी. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर नि बँकेत सासरचं! नोकरीत असतानाच नावबदलाची नोंद करून घ्या, वारसाचं नावही तपासा. तोंडी ‘झालंय’ म्हणतील. पान उघडून बघा.

पुढं शिकवावंसं वाटलं तर? २०२३ मध्ये सरकारनं रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचं ठरवलं होतं. मानधन वेगळं, पेन्शन चालूच. मात्र दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाच.