प्रत्येक बारीक मासा गप्पी नसतो

पावसाळा लागला की डासांवर उपाय म्हणून गप्पी मासे सोडण्याचा सल्ला यवतमाळ जिल्ह्यातही दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. घोटाळा पुढे होतो. पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा प्रत्येक बारीक मासा गप्पीच, असं समजून नाल्यातले मासे धरून विहिरीत, शेततळ्यात टाकले जातात.

मासे आधी काचेच्या बरणीत घ्या आणि उजेडात धरा. डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा सरळ गेलेला दिसला, तर ती आपली दंडई. डोक्यावर पांढुरका चमकता ठिपका, तोंड वर वळलेलं आणि पाठीवरचा पर अगदी शेपटीजवळ असेल, तर तो पिकू. हे दोन्ही देशी मासे अंडी घालतात. डासांच्या अळ्या तेही खातात, त्यामुळे ते असतील तिथे परदेशी मासा आणून सोडायची गरजच काय?

‘रंगीत तोच गप्पी’ हाही गैरसमज. रंग नराला असतात, मादी राखाडी असते. इथेच तिची गल्लत गंबुशिया या दुसऱ्या परदेशी माशाशी होते, कारण गंबुशियाही राखाडी. दोन्हींच्या माद्या थेट पिल्लं देतात, दोघींच्या पोटाशी मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो. फरक परांत आहे. गंबुशियाच्या पाठीच्या आणि शेपटीच्या परांवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. गप्पीच्या मादीचे पर सहसा कोरे असतात. ठिपके बघायला भिंग घ्या, मासा हलता असतो.

हा फरक कळणं महत्त्वाचं आहे. गंबुशिया मूळचा अमेरिकेतला. 1928 मध्ये तो इटलीहून भारतात आणला गेला. अळ्यांबरोबर तो इतर माशांची अंडी, पिल्लं आणि बेडकांची लहान पिल्लंही खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला गप्पीही परकाच. तो घाण पाण्यात तग धरतो, म्हणून गटारासाठी तो सोयीचा ठरला.

‘डबक्यात सोडला, तिथेच राहील’ ही समजूत पहिल्या मोठ्या पुरात खोटी ठरते. जिल्ह्यातली अरुणावती नदी अडाणला मिळते, अडाण पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला. उतू गेलेल्या शेततळ्यातला मासा याच वाटेने पुढे गोदावरीच्या खोऱ्यात पसरू शकतो. म्हणून गप्पी सोडायचेच तर बंदिस्त टाक्यात किंवा तुंबलेल्या गटारात सोडावेत, ओढ्यात आणि नदीत कधीच नाही.

आणि मासे सोडले म्हणजे डेंग्यू गेला, असंही नाही. त्याचा डास कूलरमध्ये, टायरमध्ये, रांजणात वाढतो. तिथे मासा पोचत नाही. ती भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावीच लागतात.