एपीएन : मोबाइल इंटरनेटचा उंबरठा

नवे सिमकार्ड घातले, सिग्नलच्या सर्व रेघा उमटल्या, फोनही लागू लागला. पण इंटरनेट मात्र सुरू होण्याचे नाव घेत नाही. दुकानदाराकडे फोन नेला, की तो सेटिंग्जमध्ये शिरून एक शब्द टंकतो आणि इंटरनेट सुरू होते. तो शब्द म्हणजे 'अ‍ॅक्सेस पॉइंट नेम', अर्थात एपीएन.

मोबाइल कंपनीचे जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉवरशी जोडला गेलेला फोन कंपनीच्या जाळ्यात दाखल होतो. तेथून बाहेर पडण्यासाठी त्याला एखादे प्रवेशद्वार लागते. कोणत्या द्वारातून जायचे, ते एपीएन सांगते. या नावाला कंपनीची यंत्रणा देशाचा आणि कंपनीचा संकेतांक जोडते (भारताचे देशसंकेतांक ४०४ व ४०५) आणि आपल्या अंतर्गत यादीतून द्वाराचा पत्ता शोधून काढते. नाव यादीत नसेल, तर जोडणी नाकारली जाऊ शकते. जीपीआरएसच्या काळापासूनची ही रीत फोरजीतही टिकली; फाइव्हजीत तिला 'डेटा नेटवर्क नेम' म्हणतात, एवढेच.

एकाच कंपनीला अनेक द्वारे कशासाठी? जीपीआरएसच्या दिवसांत कंपनीच्या वॅप पोर्टलसाठी एक आणि खुल्या इंटरनेटसाठी दुसरे द्वार असे. दरही वेगळे असत. चुकीच्या द्वारातून गेल्याने प्रीपेडची शिल्लक घटल्याचे त्या काळातील ग्राहकांना आठवत असेल. आज व्होल्टी कॉलसाठी 'आयएमएस' हे स्वतंत्र एपीएन असते. टूजी-थ्रीजीचे जाळेच नसलेल्या जिओसारख्या कंपनीच्या ग्राहकाने ही नोंद पुसली, तर इंटरनेटबरोबर बोलणेही बंद पडू शकते. दुकानांतील कार्ड यंत्रे किंवा वाहनांचा माग ठेवणारी उपकरणे यांना अनेकदा खासगी एपीएन दिलेले असते.

बहुतेक फोन सिमकार्ड ओळखून हा मजकूर स्वतःच भरतात. तसे न झाल्यास अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील मोबाइल नेटवर्क या विभागात 'अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स' सापडते. जुनी नोंद बदलण्यापेक्षा नवी नोंद करणे श्रेयस्कर. 'नेम'च्या रकान्यात काहीही लिहिले तरी चालते; 'एपीएन'च्या रकान्यात मात्र जिओसाठी 'जिओनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट' असे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. संकेतांकांचे रकाने सिमकार्डावरून आपोआप भरले जातात, त्यांना हात लावू नये. नोंद 'सेव्ह' करून यादीतून निवडायला अनेक जण विसरतात आणि मग दोष कंपनीला देतात! आयफोनवर काही कंपन्यांच्या बाबतीत हा विभाग दिसतच नाही.

परदेशी रोमिंगवर असताना एपीएन सहसा बदलावे लागत नाही, कारण डेटा बहुधा मूळ कंपनीच्याच द्वारातून जातो. तेथील स्थानिक सिमकार्ड घेतले, तर मात्र त्या कंपनीचे एपीएन लागते.

'हे एपीएन टाका आणि वेग दुप्पट करा' अशा सल्ल्यांचा महाजालावर सुकाळ आहे. वेग ठरतो तो टॉवरवरील गर्दी, सिग्नलची प्रत आणि घेतलेली योजना यांवर. निराळ्या नावाने नवा रस्ता बांधला जात नाही. अशा सल्ल्यांतील खरा धोका 'प्रॉक्सी' आणि 'पोर्ट' या रकान्यांत असतो. तेथे अनोळखी पत्ता भरला, की फोनवरील वेब वाहतूक त्या परक्या यंत्रावरून जाऊ शकते. बँकेचे व्यवहार कूटबद्ध असले, तरी कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली, याचा माग त्या यंत्राच्या मालकाला लागतो. सप्टेंबर २०१९मध्ये 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी असाच एक मार्ग उघड केला होता. मोबाइल कंपनीकडून आल्यासारखा भासणारा सेटिंग्जचा संदेश ग्राहकाने स्वीकारला, की सॅमसंग, ह्युआवे, एलजी व सोनीच्या काही फोनमध्ये हल्लेखोराची प्रॉक्सी बसविता येत होती.

म्हणूनच कंपनीने स्पष्टपणे सांगितले नसेल, तर हे दोन्ही रकाने रिकामे ठेवावेत. कोणी काही भरून ठेवल्याची शंका असल्यास एपीएनच्या यादीतील 'रिसेट टू डिफॉल्ट' निवडावे. मूळ नोंदी परत येतात. स्वतः केलेली नोंद त्यात पुसली जाते, तेव्हा ती आधी कागदावर उतरवून घ्यावी.